कॅथीड्रलच्या वाटेवर आडवे झालेले लोक : कूर धर्मप्रांताचं प्रकरण

२२ मे १९८८. पेन्टेकॉस्टचा रविवार, म्हणजे पवित्र आत्मा प्रेषितांवर उतरला त्याचा सण. स्वित्झर्लंडच्या पूर्वेला कूर नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर, बिशपांचा वाडा आणि कॅथीड्रल शेजारी शेजारी उभी आहेत. त्या दिवशी तिथे नव्या बिशपांचा दीक्षाविधी होता. पाहुणे आणि धर्मगुरू कॅथीड्रलकडे निघाले, तर वाटेत लोक जमिनीवर आडवे झालेले. त्यांना ओलांडूनच आत जावं लागलं.

आत विधी सुरू झाला. कॅथलिक दीक्षाविधीत एक क्षण असतो तो ज्याने पाहिला आहे त्याच्या मनातून जात नाही. उमेदवार वेदीसमोर जमिनीवर पालथा पडतो आणि सगळी मंडळी सर्व संतांची लितानी गाते. मी कोणीच नाही, सगळं तुझं, असा त्या लोटांगणाचा अर्थ. म्हणजे त्या रविवारी एकाच इमारतीच्या आत एक माणूस जमिनीवर होता आणि बाहेर अनेक. आतल्याच्या लोटांगणाला संस्कार म्हटलं गेलं, बाहेरच्यांच्या लोटांगणाला निदर्शनं. बाहेरचेही त्याच ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार घेतलेले, मिस्साला जाणारे लोक होते, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची पस्तीस वर्षं नेमकं तेच विसरलं गेलं.

सामान्य कॅथलिक आणि सनातनी वळणाचं धर्मनेतृत्व यांच्यातल्या ताणाबद्दल लिहिताना बहुतेक वेळा विषयांची यादी समोर येते : कुटुंबनियोजन, घटस्फोटितांना कम्युनियन, स्त्रियांचं स्थान, समलिंगी जोडपी. हे विषय खरेच आहेत आणि त्यात माणसं पोळतात. पण कूरचं प्रकरण वाचत गेलं की या सगळ्याखाली एक जुना प्रश्न दिसतो. आमच्यावर बिशप नेमताना आम्हाला कोणी विचारलं का?

कूरची घडण

कूर हा आल्प्सच्या उत्तरेकडच्या सर्वांत जुन्या धर्मप्रांतांपैकी एक. इथल्या बिशपांचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ४५१ चा आहे. ग्राउब्युंडेन, श्वीत्स, उरी, ग्लारुस, ओबवाल्डेन, निडवाल्डेन आणि झुरिक हे कॅन्टन, म्हणजे स्वित्झर्लंडची घटकराज्यं, त्याच्या अखत्यारीत येतात, आणि १९९७ पर्यंत शेजारचा लिश्टनस्टाइन हा छोटा देशही येत होता. डोंगरातली जुनी कॅथलिक गावं एकीकडे, आणि धर्मसुधारक झ्विंग्लीचं प्रॉटेस्टंट झुरिक दुसरीकडे. झुरिकमध्ये कॅथलिक आले ते मुख्यतः कामाधंद्यासाठी, आणि आता धर्मप्रांतातले सर्वाधिक कॅथलिक तिथेच आहेत.

भारतातल्या कॅथलिक वाचकाला स्वित्झर्लंडची एक गोष्ट समजावून सांगावी लागते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. तिथे बहुतेक कॅन्टनांत ख्रिस्तसभेची व्यवस्था दुहेरी असते. एक बाजू आपल्या ओळखीची : पोप, बिशप, धर्मगुरू. दुसरी बाजू कायद्याने स्थापन झालेली, प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य कॅथलिकांची. गावातल्या कॅथलिकांचा मिळून एक ‘किर्खगेमाइंड’ असतो, म्हणजे चर्चची ग्रामसभाच. ही सभा चर्च-कर गोळा करते, इमारती सांभाळते, पगार देते. वर्षाचा हिशेब सभेपुढे येतो, लोक प्रश्न विचारतात, हात वर करून मत देतात. झुरिकमध्ये तर धर्मगुरूही गावाच्या मतदानाने निवडला जातो आणि सहा वर्षांनी पुन्हा मतदान होतं. बिशपाने अधिकारपत्र दिल्याशिवाय कोणी मिस्सा अर्पण करू शकत नाही, आणि गावाने मत दिल्याशिवाय त्याला पगार मिळत नाही. झुरिकच्या कॅथलिकांना ही कायदेशीर मान्यता १९६३ मध्ये मिळाली. त्याआधी झ्विंग्लीच्या शहरात ते दुय्यमच होते.

म्हणजे पैसा खालून वर जातो. बिशपांच्या हाती करवसुली नाही, त्यांना धर्मप्रांत चालवायला कॅन्टनांच्या प्रापंचिक संस्था पैसे देतात.

दुसरी गोष्ट एका कागदाची. २८ जून १९४८ रोजी रोमने एक आदेश काढला, ‘एत्सी साल्वा’. त्यानुसार कूरची गादी रिकामी झाली की रोम तीन नावं पाठवतं आणि कॅथीड्रलचं मंडळ, म्हणजे चोवीस कॅनन धर्मगुरूंचा चॅप्टर, त्यातून एक निवडतो. जगातले बहुतेक बिशप पोप थेट नेमतात, त्या मानाने ही मोठीच सवलत. शेजारच्या बाझेल आणि सांक्ट गालेन धर्मप्रांतांत तर चॅप्टर स्वतःच निवड करतो. आपला बिशप आपल्या मातीतून, आपल्या माणसांच्या मतातून येतो, ही भावना तिथल्या कॅथलिकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे.

त्यात १९७२ ते १९७५ या काळात स्वित्झर्लंडच्या सगळ्या धर्मप्रांतांत एकाच वेळी सिनोड, म्हणजे धर्मसभा, झाला, ‘सिनोड ७२’. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) चर्चमध्ये आणलेल्या बदलांचं आपल्या गावात काय करायचं यावर बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक एकत्र बसून बोलले, मतं दिली. अनेकांच्या आयुष्यात चर्चने आपलं मत मागितल्याची ती पहिलीच वेळ होती. एकदा असं झालं की माणूस पूर्वीसारखा गप्प बसत नाही, आणि बसूही नये असं मला मनापासून वाटतं.

एक शब्द : सहाधिकारी

१९८८ मध्ये बिशप योहानेस फॉन्डराख सत्तरी ओलांडून गेले होते. १९६२ पासून ते गादीवर होते. ते निवृत्त झाले असते तर गादी रिकामी झाली असती, रोमकडून तीन नावं आली असती आणि चॅप्टरने निवड केली असती. तसं झालं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मप्रांताचे चान्सलर वोल्फगांग हास यांना उत्तराधिकाराच्या हक्कासह ‘सहाधिकारी बिशप’ नेमलं. हास फादुत्सचे, म्हणजे लिश्टनस्टाइनच्या राजधानीचे. वय चाळीसही नाही. धर्मगुरू होऊन दहा वर्षं झाली होती.

सहाधिकारी बिशप म्हणजे काय, तर जुने बिशप गेले की त्याच क्षणी आपोआप गादीवर येणारा बिशप. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतला, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या संग्रहातला, ४०९ वा नियम तसंच सांगतो. मग गादी रिकामी होतच नाही. आणि गादी रिकामी झाली नाही, तर १९४८ चा आदेश लागू होण्याची वेळच येत नाही. आदेश रद्द केला नाही, मोडलाही नाही, त्याला बगल दिली. नियमाच्या अक्षराने पाहिलं तर रोम बरोबर असेलही. पण ज्या माणसाच्या घरातला हक्काचा कागद असा बाजूला सारला जातो, त्याला अक्षर सांगून समजूत पटत नाही.

हे एकट्या कूरमध्ये घडत होतं असंही नाही. १९८६ मध्ये व्हिएन्नाला हान्स हेर्मान ग्रोएर यांची नेमणूक अशीच स्थानिक लोकांना चकित करून गेली. कोलोनला निवडीचे नियम आड आले तेव्हा ते बदलून योआखिम माइस्नर यांना आणलं गेलं, आणि जानेवारी १९८९ मध्ये जर्मन भाषिक प्रदेशातल्या धर्मशास्त्रज्ञांनी कोलोन जाहीरनाम्यात याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. जॉन पॉल यांना वाटत होतं की परिषदेनंतर मध्य युरोपातलं चर्च सैल पडलं आहे आणि ते आवळायला खंबीर बिशप हवेत. कूरच्या दीक्षाविधीनंतर जेमतेम सहा आठवड्यांत, ३० जून १९८८ ला, स्वित्झर्लंडमधल्याच एकोन इथे, परिषदेचे बदल न मानणारे महागुरुस्वामी (आर्चबिशप) मार्सेल लेफेव्र यांनी पोपची परवानगी नसताना चार बिशपांना दीक्षा देऊन रोमशी फारकत घेतली. त्या उन्हाळ्यात या चिमुकल्या देशात चर्च दोन्ही टोकांनी ताणलं जात होतं.

हास यांना काय दिसत होतं

इथे थांबून दुसऱ्या बाजूला न्याय द्यायला हवा. हास भ्रष्ट नव्हते, ढोंगी नव्हते. त्यांच्या नजरेतून पाहिलं तर चित्र असं होतं : धर्मशास्त्र शिकलेले प्रापंचिक मिस्सात प्रवचन देतात, पापनिवेदनाच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या आहेत, धर्मगुरू कमी होत चालले आहेत, आणि चर्चचा कारभार करसभेच्या बहुमताने चालतो आहे. बिशप हा प्रेषितांचा वारस, तो लोकांचा निवडून आलेला प्रतिनिधी नव्हे, ही शिकवण तर कॅथलिकच आहे. श्रद्धेचं सत्य हात वर करून ठरत नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही मान्य आहे.

आणि त्यांच्या मागे लोक होते. ‘सामान्य कॅथलिक’ म्हटलं की सगळे सुधारणावादी असा जो समज करून दिला जातो तो खोटा आहे. जुन्या पद्धतीची भक्ती, गुडघे टेकून घेतलेलं कम्युनियन आणि रोजरी जपणारी साधी माणसंही त्या धर्मप्रांतात होती, आणि सिनोडनंतरच्या बदलांत आपल्याला कोणी विचारलं नाही असं त्यांनाही वाटत होतं. हास यांच्यात त्यांना आपला माणूस दिसला. त्यांची वेदना दुसऱ्या बाजूने फारशी ऐकली नाही, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

पण एका मुद्द्यावर मी हास यांच्या बाजूने उभा राहू शकत नाही. परंपरा म्हणून जे पुढे केलं गेलं, ती किती जुनी परंपरा? इ. स. ३७४ मध्ये मिलानच्या लोकांनी अ‍ॅम्ब्रोझला बिशप म्हणून हाक दिली, तेव्हा त्याचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता. पाचव्या शतकात पोप महान लिओ यांनी लिहिलं की जो सर्वांचा प्रमुख होणार, तो सर्वांनी निवडलेला असावा. बिशप नेमण्याचा सरसकट अधिकार पोपचा, असं धर्मविधिसंहितेत लिहिलं गेलं ते १९१७ मध्ये. कूरचे लोक मागत होते ते नवं नव्हतं. उलट त्यांचीच मागणी जुनी होती.

तिजोरीची चावी

२२ मे १९९० रोजी फॉन्डराख यांच्या जागी हास बिशप झाले. लगेचच जुने जबाबदार लोक बदलले गेले. झुरिकचे लोकप्रिय व्हिकार जनरल, म्हणजे बिशपांचे तिथले प्रतिनिधी, हटवले गेले तेव्हा तिथला संताप उफाळून आला. झुरिकच्या कॅथलिक सिनोडने, म्हणजे प्रापंचिकांच्या निवडून आलेल्या सभेने, धर्मप्रांताला जाणारा निधी रोखला.

हे पाऊल कसं होतं ते नीट पाहा. गावातल्या चर्चचे पगार चालू होते. मुलांची धर्मशिक्षणाची शिबिरं, वृद्धांच्या भेटी, इस्पितळातले चॅपलेन, स्थलांतरितांच्या इटालियन आणि स्पॅनिश मिस्सा, काही थांबलं नाही. फक्त कूरच्या वाड्याकडे जाणारा नळ बंद झाला. ज्याला चर्च सोडायचं असतं तो असं करत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडून जाणं फार सोपं आहे : अर्ज द्यायचा, कर बंद. हे लोक गेले नाहीत. राहून भांडले. आपल्या घरात राहून भांडणाऱ्याला घरचा शत्रू समजणं ही त्या वेळच्या नेतृत्वाची सगळ्यांत मोठी चूक, असं माझं मत आहे. जो भांडतो त्याला अजून आशा असते.

पैशाच्या या शस्त्राचा उपयोग किती झाला? थोडाच. रोमने बिशप बदलले नाहीत, पण १९९३ मध्ये दोन साहाय्यक बिशप पाठवले : जेझुइट तत्त्वज्ञ पेटर हेनरिची आणि मारियानिस्ट संघाचे पाउल फोल्मार. हेनरिची झुरिकला बसले आणि तिथल्या लोकांशी बोलू लागले. कारभार चालू राहिला. पण मुख्य बिशपांशी संवाद तुटलेला आणि त्यांच्या साहाय्यकांशी जुळलेला, अशा घरात किती वर्षं राहायचं? चर्च-कराने पगार थांबवता येतो, बिशप निवडता येत नाही. आणि बिशपाला अधिकारपत्र नाकारता येतं, पण लोकांचा विश्वास मागून मिळत नाही. दोन्ही बाजूंच्या हाती एकमेकांना अडवण्याचं साधन होतं, एकमेकांना पुढे नेण्याचं नव्हतं. सात वर्षं तशीच गेली.

फादुत्स : एकाचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर

२ डिसेंबर १९९७ रोजी रोमने तोडगा काढला, आणि तो मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत दुखरा भाग वाटतो. लिश्टनस्टाइन कूरपासून तोडलं आणि त्या एवढ्याशा देशाचं स्वतंत्र महाधर्मप्रांत केलं. १६० चौरस किलोमीटर, दहा धर्मग्राम (पॅरिश). तोवर तो कूरचा एक विभाग होता, आणि कूरशी त्याचं नातं शतकानुशतकांचं होतं. फादुत्सचं धर्मग्रामाचं चर्च, संत फ्लोरिनचं, एका रात्रीत कॅथीड्रल झालं. आणि पहिले महागुरुस्वामी म्हणून वोल्फगांग हास. कूर मोकळं झालं, हास यांना बढती मिळाली, रोमला माघार घ्यावी लागली नाही.

स्वित्झर्लंडच्या भूमीवर नवं धर्मप्रांत करायचं तर तेव्हा संघराज्याची संमती लागत असे. ती घटनात्मक अट २००१ मध्ये जनमताने रद्द झाली. लिश्टनस्टाइन स्वित्झर्लंड नव्हे, त्यामुळे ती अडचणच नव्हती. पण लिश्टनस्टाइनच्या लोकांना कोणी विचारलं? कोणी नाही. तिथल्या राज्यघटनेत रोमन कॅथलिक चर्च हे देशाचं चर्च आहे, तरी तिथल्या संसदेलाही, लांडटागलाही, विश्वासात घेतलं गेलं नाही. संसदेत नाराजी उमटली, लोक रस्त्यावर आले. कूरच्या कॅथलिकांची तक्रार होती, आम्हाला विचारलं नाही. त्या तक्रारीचं निवारण करताना आणखी एका समाजाला विचारलं नाही.

त्यानंतर लवकरच लिश्टनस्टाइनमधल्या प्रापंचिकांनी ‘खुल्या ख्रिस्तसभेसाठी’ अशी स्वतःची संघटना उभी केली. व्याख्यानं, प्रार्थना, श्रद्धेवरच्या चर्चा, जे आपल्या धर्मप्रांतात मिळावं असं त्यांना वाटत होतं ते त्यांनी स्वतः करायला घेतलं. दुसरीकडे महागुरुस्वामींच्या आजूबाजूला त्यांच्या विचाराचे धर्मगुरू जमत गेले. एका छोट्या देशात, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, दोन कॅथलिक जगं शेजारी शेजारी राहू लागली. २०२२ च्या शेवटी लांडटागने समलिंगी विवाहाला पाठिंबा दर्शवला, तेव्हा हास यांनी पुढच्या वर्षीच्या अधिवेशनाच्या प्रारंभाची परंपरागत मिस्सा अर्पण करणार नाही असं जाहीर केलं. त्यांच्या विवेकाचा तो निर्णय असेल. पण मिस्सा म्हणजे आपल्याशी सहमत असणाऱ्यांना द्यायचं बक्षीस आहे का, हा प्रश्न मला अजून छळतो.

कागद उलटतो

इकडे कूरमध्ये १९९८ साली चॅप्टरने १९४८ च्या आदेशाप्रमाणे आमेदे ग्राब यांना निवडलं. बेनेडिक्टाइन साधू, अनुभवी, शांत. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि प्रकरण मिटलं असं समजलं. इथेच चूक झाली.

कारण लोकांनी ज्या हक्कासाठी अंग जमिनीवर टाकलं होतं, तो मुळात लोकांचा नव्हताच. तो चोवीस कॅननांचा होता. आणि चर्चच्या सर्वसाधारण कायद्याप्रमाणे कॅननच्या जागा भरतो बिशप. ज्याच्या कारकिर्दीत जागा रिकाम्या होतात, त्याच्या मनासारखा चॅप्टर हळूहळू घडत जातो. निदर्शनाला एक दिवस लागतो, चॅप्टर बदलायला दोन दशकं. सनातनी बाजूकडे चिकाटी होती, हे मान्य करायला हवं.

२००७ मध्ये त्याच चॅप्टरने व्हिटुस हुओन्डर यांना निवडलं. पुन्हा तेच सुरू झालं. मार्च २०१४ मध्ये कॅथलिक महिला संघ आणि इतर संघटनांचे लोक ‘पुरे झालं’ असं म्हणत सांक्ट गालेनला बिशप परिषदेच्या अध्यक्षांकडे आपलं गाऱ्हाणं घेऊन गेले. म्हणजे स्वतःच्या बिशपाची तक्रार दुसऱ्या धर्मप्रांताच्या दारात नेण्याची वेळ आली. त्याच वर्षी उरीतल्या ब्युर्गलेन गावच्या धर्मगुरूंनी दोन स्त्रियांच्या जोडप्याला आशीर्वाद दिला. हुओन्डर यांनी त्यांना गाव सोडायला सांगितलं.

ब्युर्गलेनकडे जरा जवळून पाहिलं पाहिजे. हे झुरिक नव्हे, उरी आहे : डोंगरातलं, जुनं, मुरलेलं कॅथलिक गाव. तिथल्या माणसांना कोणी पुरोगामी शहरी म्हणणार नाही. तरी गाव धर्मगुरूंच्या मागे उभं राहिलं, हजारो लोकांनी त्यांच्यासाठी सह्या केल्या. त्यातल्या प्रत्येकाचं समलिंगी जोडप्यांबद्दलचं मत एकच होतं असं मला वाटत नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की हा माणूस आमच्या आजारपणात येतो, आमच्या मेलेल्यांना पुरतो, आणि दूर कूरमधून एक पत्र येतं की याला काढा. शेवटी धर्मगुरू राहिले. असा आशीर्वाद पुन्हा देणार नाही असं त्यांनी मान्य केलं. पूर्ण जीत कोणाचीच झाली नाही.

२०१५ मध्ये हुओन्डर यांनी जर्मनीत फुल्डा इथे भाषण करताना समलिंगी संबंधांविरुद्ध बायबलमधल्या लेवीय पुस्तकातला देहदंडाचा उतारा वाचून दाखवला. पुढे त्यांनी खुलासा केला, त्यांच्यावरची फौजदारी तक्रार निकाली निघाली. पण एखादं वाक्य व्यासपीठावरून निघालं की ते कोणाच्या तरी मुलाच्या, मुलीच्या कानात जातं. खुलासा तिथवर पोचत नाही.

२०१९ मध्ये हुओन्डर निवृत्त झाले. निवृत्तीनंतर ते लेफेव्र यांच्या अनुयायांच्या संस्थेत राहायला गेले. कूरवर रोमने प्रशासक बसवला. मार्च २०२० मध्ये एका मुलाखतीतल्या वक्तव्यावरून उरी आणि श्वीत्स भागातल्या बिशपांच्या प्रतिनिधीला पदावरून काढलं गेलं आणि लोक पुन्हा संतापले.

मग आला २३ नोव्हेंबर २०२०. पोप फ्रान्सिस यांनी चॅप्टरकडे तीन नावं पाठवली. चॅप्टरने त्यातलं एकही निवडायला नकार दिला. अवघ्या एका मताच्या फरकाने यादीच बाजूला ठेवली गेली. ही नावं धर्मप्रांताला पुरेशी कणखर दिशा देणार नाहीत, असा विरोधकांचा सूर होता. बैठकीचा वृत्तान्त फुटला आणि सगळ्यांनी वाचला. १९८८ मध्ये रोमने चॅप्टरला बगल दिली म्हणून लोक रडले होते. २०२० मध्ये चॅप्टरने रोमला अडवलं आणि लोक रोमकडे आशेने पाहू लागले. कागद तोच, १९४८ चा.

चॅप्टरने निवड केली नाही तेव्हा निर्णय पोपकडे गेला. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी फ्रान्सिस यांनी नाकारलेल्या तिघांपैकीच एकाला, जोसेफ बोनेमें यांना, बिशप नेमलं. त्यांचा दीक्षाविधी १९ मार्चला, संत योसेफाच्या सणाला झाला. बोनेमें ओपस देईचे. ही संस्था जगभर सनातनी म्हणून ओळखली जाते, आणि त्याआधी आठ-दहा वर्षं झुरिकमध्ये ते नाव काढलं असतं तर कपाळाला आठ्या पडल्या असत्या. तरी लोकांनी त्यांचं स्वागत केलं. ते शिक्षणाने डॉक्टर, झुरिकजवळच्या लिमाटताल इस्पितळात अनेक वर्षं चॅपलेन, आणि बिशप परिषदेच्या लैंगिक अत्याचारविषयक तज्ज्ञ मंडळाचे सचिव. पीडितांसमोर आणि आजाऱ्यांच्या खाटेशी बसून ऐकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. शिकवणीच्या तराजूत त्यांचं वजन कोणत्या बाजूला पडतं हे लोकांनी फारसं विचारलं नाही. ज्यांना वाटतं की सामान्य कॅथलिकाला फक्त सैल नियम हवे असतात, त्यांनी या स्वागतावर विचार करावा.

धर्मविधिसंहितेतल्या २१२ व्या नियमात लिहिलेलं आहे की चर्चच्या हिताबद्दलचं आपलं मत धर्मपालांना कळवण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही असतं. हा नियम सनातनी किंवा पुरोगामी कोणीच नाकारत नाही. पण ते मत ऐकायची जागा कुठे? कूरमध्ये ती करसभेत होती, पण तिथे बिशप निवडला जात नाही. चॅप्टरमध्ये बिशप निवडला जातो, तर तिथे एकही प्रापंचिक नाही, एकही स्त्री नाही. या दोन खोल्यांमध्ये दार नाही. म्हणून १९८८ मध्ये लोक कॅथीड्रलच्या वाटेवर झोपले.

सप्टेंबर २०२३ मध्ये पंच्याहत्तरी गाठलेल्या हास यांचा राजीनामा रोमने स्वीकारला आणि फादुत्सचा कारभार तात्पुरता शेजारच्या फेल्डकिर्खच्या बिशपांकडे दिला. हुओन्डर एप्रिल २०२४ मध्ये वारले आणि त्यांना एकोनला पुरलं गेलं, जिथे १९८८ च्या त्या उन्हाळ्यात लेफेव्र यांनी रोमशी फारकत घेतली होती. बोनेमेंही १९४८ सालचेच, हास यांच्यापेक्षा काही दिवसांनी मोठे, आणि १९४८ च्या आदेशाएवढ्याच वयाचे. त्यांच्यानंतर पुन्हा तीन नावं येतील, आणि पुन्हा चोवीस खुर्च्यांवरचे धर्मगुरू बंद दारामागे बसतील.